माणूस पाहू की निशाणी?

२००७ सालची गोष्ट. रामटेक लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली होती आणि पारशिवनी तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत मी केंद्राध्यक्ष होतो. नोकरीचे शेवटचे वर्ष, त्यामुळे इलेक्शन ड्युटीही शेवटचीच. दुपारी केंद्रावर शुकशुकाट होता. एक म्हातारे शेतकरी आले. बोटाला शाई लावून घेतली, नोंदवहीत अंगठा उठवला आणि यंत्राकडे जाता जाता माझ्या टेबलापाशी थबकले.

"मास्तर, एक सांगा," ते म्हणाले, "मानूस पाहू का निशानी पाहू? दोघं येगयेगळे झालेत ना."

केंद्राध्यक्षाला अशा प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. "बाबाजी, ते तुमचं तुम्हीच ठरवायचं," एवढे म्हणून मी खाली मान घातली. पण प्रश्न खरा होता. सुबोध मोहिते १९९९ मध्ये आणि पुन्हा २००४ मध्ये शिवसेनेच्या धनुष्यबाणावर रामटेकमधून निवडून आले होते. वाजपेयींच्या मंत्रिमंडळात अवजड उद्योग खात्याचे मंत्रीही झाले होते. २००४ ला त्यांनी हरवले ते काँग्रेसच्या श्रीकांत जिचकारांना. पदव्यांसाठी ज्यांचे नाव घरोघरी माहीत होते, तेच जिचकार. निकालानंतर महिनाही झाला नव्हता तोच त्यांचे अपघाती निधन झाले. पुढे २००७ मध्ये मोहित्यांनी शिवसेना सोडली, खासदारकीचा राजीनामा दिला आणि त्याच जागेसाठी काँग्रेसच्या पंजावर ते पुन्हा उभे राहिले. समोर धनुष्यबाण घेऊन प्रकाश जाधव. म्हणजे तीन वर्षांपूर्वी लोकांनी निवडलेला माणूस यंत्रावर होता आणि निवडलेली निशाणीही होती. फक्त दोन वेगळ्या बटणांसमोर.

निकाल लागला, जाधव निवडून आले. मोहित्यांच्या लोकसभेतल्या कामाची वही तिथेच मिटली. नव्या पक्षाच्या बाकावरून त्यांना त्या सभागृहात बोलण्याची संधीच मिळाली नाही. आणि योगायोग पाहा, १९९९ ला मोहित्यांनी ज्यांना हरवले ते बनवारीलाल पुरोहितही तेव्हा नुकताच पक्ष बदलून आलेले. १९८४ आणि १९८९ ला ते काँग्रेसचे नागपूरचे खासदार, १९९६ ला त्याच नागपूरचे भाजपचे खासदार आणि १९९९ ला काँग्रेसचे रामटेकचे उमेदवार. आमच्या मतदारसंघाने एकाला नाही म्हटले ते दुसऱ्याला हो म्हणून, आणि आठ वर्षांनी त्या दुसऱ्यालाही नाही म्हटले.

निवृत्तीनंतर वेळ मोकळा झाला. इतिहास शिकवण्यात जन्म गेला होता, तेव्हा म्हातारबाबांचा प्रश्न घेऊन मी जुन्या गोष्टी चाळायला लागलो. पक्षांतर म्हटले की आपली सगळी नजर उडीवर असते. किती वाजता मारली, कुणाच्या गाडीतून गेला, किती घेतले. उडी मारून पलीकडे उतरल्यावर त्या माणसाने सभागृहात पुढची पाच-दहा वर्षे काय केले, याचा हिशेब फारसा कुणी ठेवत नाही. मला तोच पाहायचा होता.

या विषयातले सगळ्यात गाजलेले उदाहरण इंग्लंडचे. विन्स्टन चर्चिल १९०० मध्ये ओल्डहॅममधून हुजूर पक्षाचे खासदार झाले. परदेशी मालावर जकात बसवावी की व्यापार खुला ठेवावा, यावरून त्यांचे पक्षाशी बिनसले. ३१ मे १९०४ रोजी ते सभागृहात आले, नेहमीच्या बाकांकडे न जाता समोरच्या बाजूला गेले आणि लिबरल पक्षाच्या लॉइड जॉर्ज यांच्या शेजारी बसले. तिथल्या कायद्यात अशा माणसाची जागा जात नाही. ओल्डहॅमकरांनी हुजूर म्हणून निवडलेला खासदार दीड-पावणेदोन वर्षे लिबरल म्हणून वावरला. १९०६ च्या निवडणुकीत मात्र त्यांना मतदारांसमोर जावेच लागले. मँचेस्टरच्या एका मतदारसंघातून ते जिंकले. १९०८ मध्ये मंत्रिमंडळात घेतले गेले, तेव्हाच्या नियमाप्रमाणे पुन्हा निवडून येणे भाग होते, आणि त्याच मँचेस्टरने त्यांना पाडले. काही आठवड्यांत डंडीहून ते परत आले. त्यानंतरची त्यांची वही वाचण्यासारखी आहे. अगदी कमी मजुरी मिळणाऱ्या धंद्यांत किमान वेतन ठरवणारा १९०९ चा कायदा त्यांचा. बेकारांना काम शोधून देणाऱ्या सरकारी कचेऱ्या त्यांनी सुरू केल्या. सरदार घराण्यातला हा हुजूर पक्षाचा पोरगा, पलीकडे गेल्यावर शिंपीकाम करणाऱ्या बायांच्या मजुरीचा कायदा करतो! पुढे १९२४ मध्ये ते पुन्हा आपल्या जुन्या लोकांत परतले आणि अर्थमंत्री झाले. हिंदुस्थानच्या बाबतीत हा गृहस्थ आपला कधीच नव्हता, हे मला कुणी सांगायला नको. पण किमान वेतनाचा कायदा झाला तो झालाच.

आता आपल्या मुलखात येऊ. आपल्याकडे हा खेळ १९६७ नंतर सुरू झाला असे सर्रास सांगतात. ते खरे नाही. मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या कायदेकौन्सिलचे अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे हे स्वराज्य पक्षाचे. सरकारी पद घ्यायचे नाही, ही त्या पक्षाची शपथ. १९२५ मध्ये तांब्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातली जागा घेतली आणि देशभर काहूर उठले. मोतीलाल नेहरू संतापले. इकडे केळकर, जयकर, मुंजे ही मंडळी म्हणू लागली की पद घेऊन सरकारला धारेवर धरता येत असेल तर घ्यायला काय हरकत आहे. पक्ष फुटला. फुटून निघालेल्यांत यवतमाळचे एक वकील होते, माधव श्रीहरी अणे.

आपण त्यांना लोकनायक बापूजी अणे म्हणतो. चौकाला नाव असते, पुतळा असतो, आणि नेमके काय केले ते कुणाला ठाऊक नसते, अशांपैकी ते एक झाले आहेत. म्हणून जरा थांबून सांगतो. जन्म वणीचा, १८८० चा. टिळकांचे अनुयायी. दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात ते वऱ्हाडातून निवडून जात. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. आमच्याकडे समुद्र नाही, पण जंगल आहे आणि जंगलाचे जाचक कायदेही होते. अण्यांनी कायदेमंडळाचा राजीनामा दिला आणि त्या जुलैत पुसदला राखीव जंगलातले गवत कापून ते तुरुंगात गेले. १९३३ मध्ये त्यांनी काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद सांभाळले. आणि पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, त्याच काँग्रेसच्या धोरणाविरुद्ध ते पंडित मदनमोहन मालवीयांबरोबर बाहेर पडले.

कारण होते जातीय निवाडा. ब्रिटिश सरकारने धर्म-जातीनुसार वाटून दिलेल्या जागांबद्दल काँग्रेसने स्वीकारही नाही आणि नकारही नाही, अशी भूमिका घेतली होती. अणे-मालवीय म्हणाले, नकारच द्या. त्यांची भूमिका बरोबर होती असे माझे म्हणणे नाही. अल्पसंख्याकांच्या बाजूने पाहिले तर ती वेगळीच दिसेल. पण बाहेर पडून अण्यांनी काय केले ते पाहा. वेगळा राष्ट्रीय पक्ष काढला, त्या नावाने उघडपणे निवडणूक लढवली, आणि १९३५ ते १९४१ मध्यवर्ती कायदेमंडळात दहा-बारा सभासदांच्या लहानशा गटाचे पुढारीपण केले. जुन्या पक्षाच्या नावावर निवडून येऊन नव्या बाकावर बसले, असे झाले नाही.

१९४१ मध्ये त्यांनी केले ते मात्र काँग्रेसच्या लोकांना मुळीच रुचले नाही. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. खाते मिळाले परदेशांतल्या हिंदी लोकांचे. गवत कापून तुरुंगात गेलेला माणूस आता व्हाइसरॉयच्या टेबलावर! पुढे १९४२ ची चळवळ झाली, गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. फेब्रुवारी १९४३ मध्ये त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण मांडले. सरकार त्यांना सोडेना. तेव्हा होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि अणे या तिघांनी राजीनामे दिले. मला बापूजींच्या सगळ्या आयुष्यात हा क्षण मोठा वाटतो. ते गांधीजींच्या पक्षातून नऊ वर्षांपूर्वीच बाहेर पडले होते आणि राजीनामा देण्याचे कसलेच बंधन त्यांच्यावर नव्हते.

आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर, त्याच खात्यावर आले कोण? आमच्या नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे. हेही एकेकाळचे काँग्रेसवाले, नुसते काँग्रेसवाले नव्हे तर १९३७ मध्ये या प्रांताचे पंतप्रधान. तेव्हा मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत. १९३८ च्या जुलैत रविशंकर शुक्ल आणि द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याशी त्यांचे फाटले. त्यांनी परस्पर राजीनामा देऊन गव्हर्नरकडून नवे मंत्रिमंडळ बनवून घेतले आणि काँग्रेसश्रेष्ठींनी त्यांना पायउतार व्हायला लावले. ती कहाणी स्वतंत्र सांगण्यासारखी आहे. डॉक्टरांच्या जिभेची धार तर जुन्या नागपूरकरांना अजून आठवते. इथे एवढेच, की १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांवरच्या जुलमाला उत्तर म्हणून हिंदुस्थान सरकारने त्या देशाशी असलेला व्यापार करार संपवण्याची नोटीस दिली, तेव्हा ते खाते खऱ्यांकडे होते. काँग्रेसने बाहेर काढलेल्या माणसाच्या वहीत ही नोंद आहे आणि ती खोडता येत नाही.

बापूजींचा शेवटचा अंक मी लहानपणी दुरून पाहिला. आमच्याकडची संत्री नागपूरला जात, वडील सोबत जात आणि येताना शहराच्या बातम्या आणत. १९५९ मध्ये नागपूर लोकसभेची पोटनिवडणूक झाली. अनसूयाबाई काळे यांच्या निधनाने ती जागा रिकामी झाली होती. काँग्रेसविरुद्ध, नागविदर्भ आंदोलन समितीच्या पाठिंब्यावर, ऐंशीच्या उंबरठ्यावरचे बापूजी अपक्ष उभे राहिले आणि जिंकले. त्याआधी ते बिहारचे राज्यपाल होते. एवढे पद उपभोगून झाल्यावर लोक घरी बसतात, हे पुन्हा मते मागायला निघाले. लोकसभेत त्यांनी वेगळ्या विदर्भाची मागणी लावून धरली. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, विदर्भ त्यात गेला. १९६२ ला नागपूरने त्यांना पुन्हा निवडून दिले. वडील म्हणत, "बापूजी कुठंबी गेले तरी सांगून गेले." हे वाक्य मी अनेकदा आठवतो.

विदर्भाचा तोच झेंडा पुढे जांबुवंतराव धोटे यांनी उचलला. १९७१ मध्ये मी एकवीस वर्षांचा होतो. कस्तुरचंद पार्कवरचे त्यांचे भाषण ऐकायला आम्ही पोरे बस पकडून गेलो होतो. तो आवाज अजून कानात आहे. विधानसभेत पेपरवेट भिरकावल्याने सभासदत्व गेलेला आणि यवतमाळकरांनी पुन्हा निवडून पाठवलेला हा माणूस. त्या वर्षी देशभर इंदिरा गांधींची लाट होती आणि नागपूरने फॉरवर्ड ब्लॉकच्या जांबुवंतरावांना लोकसभेत पाठवले. लाटेच्या विरुद्ध पोहून गेलेला खासदार म्हणून आम्हाला त्यांचे फार अप्रूप. १९७७ मध्ये ती जागा काँग्रेसचे गेव आवारी यांच्याकडे गेली. आणि १९८० मध्ये जांबुवंतराव पुन्हा नागपूरचे खासदार झाले ते इंदिरा काँग्रेसच्या पंजावर.

त्यांनीही निवडणुकीआधीच पक्ष बदलला होता, म्हणजे मतदाराला फसवले असे म्हणता येणार नाही. लोकांनी डोळे उघडे ठेवून मत दिले. पण विदर्भवाद्यांना चटका बसला. ज्या पक्षाविरुद्ध गर्जना ऐकल्या त्याच पक्षाच्या शिस्तीत तो आवाज बसवायचा कसा? सत्ताधारी पक्षाच्या खासदाराला व्हिप असतो, आणि बोलायची वेळही पक्षच ठरवतो. माझ्यापुरते सांगायचे तर १९७१ चे जांबुवंतराव मला आठवतात, १९८० च्या खासदाराचे भाषण आठवत नाही. पुढे ते तिथूनही बाहेर पडले. २००२ मध्ये विदर्भ जनता काँग्रेस काढली आणि २०१७ मध्ये गेले तेव्हा लोकांनी त्यांना विदर्भवीर म्हणूनच निरोप दिला.

आता यशवंतराव चव्हाण. १९६७ च्या निवडणुकीनंतर राज्याराज्यांत आमदारांची पळापळ सुरू झाली. हरियाणाचे गयालाल यांनी तर थोड्याच काळात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम गयाराम' हा शब्द आपल्याला देऊन टाकला. लोकसभेने ठराव करून एक समिती नेमवली. अध्यक्ष गृहमंत्री यशवंतराव. या समितीपुढे आलेले आकडे असे: मार्च १९६७ ते फेब्रुवारी १९६८ या एका वर्षात ४३८ पक्षांतरे झाली, आणि पाहणीतल्या २१० पक्षांतरित आमदारांपैकी ११६ मंत्री झाले. निम्म्याहून जास्त. कारण शोधायला लांब जायची गरजच नव्हती. १९६९ च्या अहवालात समितीने सुचवले की पक्ष बदलणाऱ्याला वर्षभर, किंवा राजीनामा देऊन पुन्हा निवडून येईपर्यंत, मंत्री करू नये.

बारा वर्षांनी काय झाले? काँग्रेस फुटल्यावर यशवंतराव इंदिराजींच्या विरुद्ध बाजूला राहिले. १९७९ मध्ये चरणसिंगांचे उपपंतप्रधान झाले. १९८० ला साताऱ्याने त्यांना निवडून दिले. महाराष्ट्रात अर्स काँग्रेसची ती एकच जागा. १९८१ मध्ये त्यांनी इंदिरा काँग्रेसमध्ये जायचे ठरवले आणि त्यांना दारात कितीतरी महिने ताटकळत ठेवले गेले. ज्या माणसाने देशाचे संरक्षण, गृह, अर्थ, परराष्ट्र अशी सगळी खाती सांभाळली त्याचा प्रवेशअर्ज पडून होता! खासदारकी त्यांनी सोडली नाही. नंतरचा कायदा तेव्हा असता तर ती गेली असती. मात्र त्यांच्या समितीची शिफारस त्यांच्याच बाबतीत पाळली गेली असे म्हणावे लागेल, कारण ते पुन्हा मंत्री झाले नाहीत. १९८२ मध्ये आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद मिळाले. २५ नोव्हेंबर १९८४ ला ते दिल्लीत वारले. जानेवारी १९८५ मध्ये संसदेने पक्षांतरबंदीचा कायदा केला. म्हणजे ज्यांच्या समितीने विषय मांडला त्यांच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांनी.

कायद्याची पुढची कथा सगळ्यांना माहीत आहे. एकट्याने फुटला तर जागा गेली, एक तृतीयांश मिळून फुटले तर वाचली. किरकोळ विक्री बंद आणि ठोक विक्री चालू, अशी टीका मधु लिमयांनी तेव्हाच केली होती. २००३ मध्ये घटनादुरुस्ती करून ती एक तृतीयांशाची पळवाट काढून टाकली आणि पक्षांतराने अपात्र ठरलेला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होऊ शकणार नाही, असेही घातले. यशवंतरावांच्या समितीचे म्हणणे चौतीस वर्षांनी कागदावर आले. तरी २०२२ मध्ये शिवसेना कशी फुटली आणि कोण कुठे बसायचे याचा निर्णय व्हायला किती वेळ लागला, ते आपण पाहिले. आमचे रामटेकचे तेव्हाचे खासदार कृपाल तुमाने हेही शिंदे गटाबरोबर गेले. दीड वर्षाहून जास्त काळ त्या वादाचा निकाल लागायची वाट पाहण्यात गेला.

म्हणून राजीनामा देऊन पुन्हा लोकांत जाणाऱ्याबद्दल मला, तो हरला तरी, थोडा आदर वाटतो. लोक त्यांना नेहमी पाडतात असेही नाही. २००५ मध्ये नारायण राणे शिवसेना सोडून, राजीनामा देऊन, मालवणला काँग्रेसकडून उभे राहिले आणि जिंकले. २०१९ मध्ये उदयनराजे भोसले निवडून आल्यावर काही महिन्यांतच राजीनामा देऊन भाजपकडून साताऱ्याला उभे राहिले आणि पडले. आमच्याच रामटेक विधानसभेत आशिष जयस्वाल शिवसेनेचे, मग २०१९ ला अपक्ष, मग शिंदे यांच्या शिवसेनेचे असे तिन्ही नात्यांनी निवडून आले. लोकसभेला मात्र रामटेकची सवय कायम दिसते. २०२४ मध्ये उमरेडचे काँग्रेसचे आमदार राजू पारवे राजीनामा देऊन शिंदे यांच्या शिवसेनेकडून लोकसभेला उभे राहिले. काँग्रेसचे श्यामकुमार बर्वे निवडून आले.

त्या वेळी मी त्याच शाळेत रांगेत उभा होतो, मतदार म्हणून. केंद्राध्यक्ष एक तरुण मास्तरीण होत्या. टेबल तेच, खिडकीही तीच. २००७ च्या दुपारी म्हातारबाबा पुठ्ठ्याच्या आडोशामागे बराच वेळ उभे राहिले होते. माझा मतदान अधिकारी घड्याळाकडे बघू लागला होता. शेवटी यंत्र वाजले. बाबाजी बाहेर आले, माझ्याकडे बघून हसले, काठी उचलली आणि पायऱ्या उतरून गेले. कशाचे बटण दाबले ते त्यांनी सांगितले नाही, आणि मला तर ते विचारताच येत नव्हते.